दोन साक्षीदार आणि एक पत्र

(१ राजे, अध्याय २१)

वाचून गोष्टी शिकणें मनुष्यास नवें नाहीं. परंतु यंत्रास वाचून गोष्टी शिकवाव्या, असा उद्योग आमच्या काळांत झाला आहे. हल्लीं खेड्यांतही कोणी शंका निघाली कीं हातांतील फोनला विचारतो. म्हणून आम्हीं हा विषय घेतला.

अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत टॉम मिचेल व त्यांचे सहकारी यांनीं जानेवारी २०१० मध्यें ‘नेल’ नांवाची संगणकप्रणाली चालू केली. तिला शहर, खेळाडू असे वर्ग व प्रत्येकाचीं थोडीं उदाहरणें दिलीं, आणि इंटरनेटवरील इंग्रजी पृष्ठें रात्रंदिवस वाचावयास लाविलें. ती वाक्यांचे सांचे शोधीत असे. ‘डॉ. कोटणीस यांचा जन्म सोलापुरांत झाला’ ह्यासारखें वाक्य सांपडलें कीं त्याच सांच्यांतील दुसरीं नांवें टिपावीं, आणि त्या नांवांवरून आणखी सांचे काढावे, अशी तिची रीत. एका गोष्टीस पुष्कळ पृष्ठांचा आधार मिळाला कीं तिचा भरंवसा वाढे. सोलापुरी चादरीच्या जेकार्ड मागावर बसविलेली नक्षी आपोआप उठत जाते. चूक बसविली असेल तर तीही उठते.

तसेंच झालें. इंग्रजींत ‘कुकी’ म्हणजे बिस्किटासारखा पदार्थ, आणि संगणकांत सांठणाऱ्या एका बारीक नोंदीसही तेंच नांव. नेलनें ती नोंद भट्टीच्या मालांत घातली, आणि पुढें संगणकाच्या फायलीही भाजलेल्या मानूं लागली! अखेर मनुष्यांस मधून मधून बसून तिचीं मतें तपासावीं लागलीं.

आपल्या भाषेकडे पाहा. संगणकास मराठी यावी म्हणून पुण्याच्या एल-थ्री-क्यूब गटानें २०२२ सालीं इंटरनेटवरून सुमारें २ कोटी ४८ लक्ष वाक्यें जमविलीं. काम चांगलें आहे. मात्र त्यांत बातम्यांचा मजकूर फार. आणि मंगळवेढ्याकडील एखादी वाडी बातमींत येते ती बहुधा दुष्काळ पडला किंवा तंटा झाला तेव्हांच. त्या वाडीविषयीं यंत्र काय शिकेल? एकाचें लिहिणें दहांनीं उतरलें, तर यंत्रास दहा साक्षीदार दिसतात.

नाबोथाची गोष्ट आपणांस ठाऊक आहे. नियमशास्त्रास दोन साक्षीदार हवे होते, ते दोन उभे राहिले. दोघांची साक्ष तंतोतंत जुळली. कां न जुळावी? दोघांचे शब्द ईजबेलीच्या एकाच पत्रांतून आले होते. मोजणी पुरी झाली, आणि निरपराधी मनुष्य धोंडमार होऊन मेला.

मोजणाऱ्या यंत्रास ह्याहून अधिक कळत नाहीं, त्याला दोष काय द्यावा? परंतु इज्रेलाच्या वडिलांस कळत होतें. पत्रावर मुद्रा अहाबाची होती. तरी नाबोथ मेल्याचा निरोप त्यांनीं पाठविला तो अहाबाकडे नव्हे, ईजबेलीकडे.