म्हातारपणचा कोप आणि भिक्षेचा नियम

वयाबरोबर कामविकार मंदावतो, लोभही पुष्कळांचा ओसरतो. परंतु क्रोध मात्र कित्येक पुरुषांच्या ठिकाणी वार्धक्यातच नव्याने बिऱ्हाड करतो, हा नित्याचा अनुभव आहे. ज्याचा आवाज भरतारुण्यातही घरात चढला नाही, असा गृहस्थ पासष्टीनंतर चहा निवला म्हणून, नातवाने वाटेत चप्पल टाकली म्हणून, दाराची कडी वाजली म्हणून संतापू लागतो. घरची माणसे ‘वय झाले’ म्हणून सोडून देतात. पण वय हेच कारण असते, तर सर्वच वृद्ध सारखे तिरसट झाले असते.

यात देहाचा वाटा असतो, तो प्रथम देहाला द्यावा. कान मंद झाले की बोलणे अर्धेच ऐकू येते आणि उरलेले अर्धे मन आपल्या संशयाने भरून काढते. शेजारच्या खोलीतील हसणे आपल्यावरच आहे असे वाटते. रात्रभर गुडघे ठणकले तर सकाळी वाणी गोड कोठून यावी? आणि ज्याचा स्वभाव थोड्याच महिन्यांत पालटला, ज्याची झोप व अन्नावरची वासना गेली, त्याला निरूपणाच्या आधी डॉक्टरकडे न्यावे. कानाला यंत्र लावल्याने वैराग्याला बाध येत नाही.

उरतो तो जीवाचा वाटा, आणि खरी अडचण तेथेच आहे. वऱ्हाडातील एखादा उपदेशी शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. शेत मुलाच्या नावे केले, कपाटाची किल्ली सुनेच्या स्वाधीन केली, ‘आता आपण मोकळे झालो, स्मरण करू’ असे चारचौघांत बोलून दाखविले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहावे तो हा धुऱ्यावर उभा! ज्वारी मोडून सोयाबीन का पेरले, डवरणी अजून का झाली नाही, मजुरी इतकी का दिली, अशी विचारपूस चालू. शेत हाताने दिले गेले, मनाने दिले गेले नाही. मालकी गेली आणि मालकीचा अभिमान तेवढा उरला. त्याचा हुकूम आता कोणी मानीत नाही, म्हणून तो कुरकुरीच्या रूपाने बाहेर पडतो.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी साधकाला जो आचार निरूपिला, त्यात भिक्षा आहे. भिक्षुकाने घर निवडू नये, चव निवडू नये, झोळीत पडेल ते स्वीकारावे. हा नियम केवळ पोट भरण्यासाठी नाही. ‘मला अमुकच पाहिजे’ हा जीवाचा हट्ट मोडण्यासाठी तो आहे. सन्यास सर्वांनाच घडत नाही. परंतु ज्याने घराचा कारभार खरोखर सोडला, त्या गृहस्थापुढे सुनेने ठेवलेले ताट भिक्षेहून वेगळे ते काय? ते त्याच्या सत्तेने आलेले नाही, तिच्या हाताने आलेले आहे. वरणात मीठ कमी असले तर तसेच जेवावे. पाणी गाळून पिणारा, मुंगी चुकवून पाऊल टाकणारा उपदेशी ताटावर बसून असा एक शब्द टाकतो की चुलीपाशी बसलेल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. हिंसा वाचेनेही घडते, हे त्याने कितीदा तरी ऐकलेले असते.

मात्र मौन आणि रुसवा यांत भेद आहे. तोंड फिरवून, जेवण टाकून बाजेवर पडून राहणे हे मौन नव्हे. तो न बोलता केलेला कोपच होय.

दुसरे एक साधन वृद्धाजवळ आयतेच असते, ते म्हणजे आठवण. ‘आमच्या वेळी असे नव्हते’ या चार शब्दांत तिची काठी होते आणि ती दिवसभर घरच्यांच्या पाठीवर चालते. पंथाचा इतिहास मात्र आठवणीचा वेगळाच उपयोग दाखवितो. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी, एके काळी विद्येच्या अभिमानाने वाद घालावयास आलेल्या त्याच पंडिताने, ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे जाऊन विचारपूस केली, आणि त्यांच्या आठवणींतून लीळाचरित्र उभे राहिले. सांगणाऱ्यांचे परमदैवत त्यांना अंतरले होते. याहून मोठी हानी कोणती? तरी त्यांनी ‘ते दिवस गेले’ म्हणून पुढच्यांवर राग धरला नाही. जे घडले, पाहिले, ऐकले, ते जसेच्या तसे हाती दिले.

आचार्य श्रीनागदेवांचे वर्तनही येथे पाहण्यासारखे आहे. त्यांच्याभोवती संस्कृतात पारंगत असे शिष्य होते. मराठी सोडली तर आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, ही चिंता त्यांनी वाहिली आणि विद्वानांना आवरले. वडीलपणाचा अधिकार त्यांनीही वापरला, पण तो सर्वांत दुर्बळ असलेल्यांसाठी.

तो धुऱ्यावरचा शेतकरी दुपारी घरी येतो. सून ताट वाढते, भाकर थोडी करपलेली असते. ‘मामाजी, आज जरा घाई झाली,’ ती आधीच भीत भीत म्हणते. तो परमेश्वराचे नाम घेऊन पहिला घास मोडतो आणि तिला विचारतो, ‘तू जेवलीस का?’