ही ओळ संपू दे



मागच्या दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी आम्ही सात-आठ बायका मंदिराच्या ओट्यावर महाप्रसादाची भाजी निवडत बसलो होतो. बोलता बोलता गल्लीतल्या एका सुनेने मला विचारलं, "काकू, तुम्ही गोधड्या शिवता तेव्हा नाम घेता ना? हाताला काम अन् मुखी नाम?" मी "हो तर" म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि विषय मेथीच्या भावावर गेला. मला मात्र घरी येईपर्यंत ते "हो तर" टोचत राहिलं. कारण ते पुरतं खरं नव्हतं. नामाकडे लक्ष दिलं की माझा टाका वाकडा पडतो, आणि टाक्याकडे लक्ष दिलं की नाम कधी थांबलं ते कळत नाही. मग माझ्यासारख्या संसारी बाईने कामाच्या वेळी मन ठेवायचं तरी कुठे? हा प्रश्न मला वर्षभर पुरला आहे. उत्तर मिळालं म्हणून लिहीत नाही, विचार बराच झाला म्हणून लिहिते.

मी शिंप्याची लेक. वडिलांचं दोंडाईचात लहानसं दुकान होतं. मिरचीचा हंगाम आला की बाजाराच्या दिवशी ठसक्याने शिंकत शिंकत गिऱ्हाईक आत यायचं. उरलेल्या चिंध्या आणि घरातली जुनी लुगडी आईच्या वाट्याला. गोधडी म्हणजे जुनी लुगडी एकावर एक टाकायची आणि दोरा घालायचा, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. आधी कापड धुऊन कडकडीत वाळवायचं. शिवणी उसवायच्या, कॉलर, बटणपट्टी, जाड काठ काढून टाकायचे, कारण तिथे सुई अडते आणि मोडते. विरलेलं कापड मधल्या थरात, धड कापड वर आणि खाली. मग सारवलेल्या जमिनीवर थर अंथरायचे, चार कोपऱ्यांवर चार दगड, आणि लांब लांब कच्चे टाके घालून सगळं एकमेकाला धरून ठेवायचं. त्यानंतर खरा धावदोरा. दोरा जास्त ओढला तर कापडाला चुण्या पडतात. ढिला सोडला तर रात्री पायाची बोटं त्यात अडकतात. दोन्हींच्या मधला ताण हाताला कळावा लागतो, आणि तो सांगून शिकवता येत नाही.

आमच्या आईची एक रीत शेजारणींना हसू आणायची. ती मधल्या थराच्या तुकड्यांनासुद्धा इस्त्री करायची, वडिलांच्याच कोळशाच्या इस्त्रीने. "आत कोण बघायला जातंय?" असं त्या विचारायच्या. आई म्हणे, बघणारं कोणी नाही, पण निजणारं आहे. आतल्या कापडाला घडी राहिली आणि तशीच शिवली गेली, की तिथे कायमची गाठ होते. ती डोळ्याला दिसत नाही, पाठीला लागते. तान्ह्या लेकराच्या पाठीला तर फारच.

वडिलांचं इस्त्रीचं शास्त्र वेगळं. मला ते म्हणायचे, "शिवणीवर इस्त्री फिरवायची नाही. ठेवायची आणि उचलायची." उरेब कापलेल्या कापडावर इस्त्री ओढली की कापड ताणलं जातं आणि झगा एका बाजूने लोंबतो. सुती कापड किंचित ओलसर असतानाच दाबायचं. गडद रंग उलट्या बाजूने. कॉलर टोकाकडून मधे, म्हणजे टोकाशी सुरकुती साचत नाही. टेरिकॉट आलं तर आधी एका कोपऱ्यावर ताप बघायचा, कारण सूत करपतं पण टेरिकॉट वितळतं. आणि इस्त्री हातात असताना कोणाशी बोलायचं नाही. हा त्यांचा सर्वांत कडक नियम होता. मी दुसरीकडे बघितलं की आई आमच्या अहिराणीत विचारायची, "हात आठे, मन कोठे?"

माझी नात पुण्याला नोकरी करते. ती मला सांगते की यालाच आता 'माइंडफुलनेस' म्हणतात, त्याचे पैसे भरून वर्ग असतात. मी म्हटलं, असू देत, चांगलंच आहे. आमच्याकडे त्याची फी एक टपली होती.

आता माझी फजिती सांगते. हे गेल्यानंतर यांच्या सदऱ्यांची आणि धोतरांची गोधडी करायची असं मी ठरवलं. आधी सगळं धुऊन इस्त्रीला घेतलं. दर कपड्याला एक माळ जप असा नेम केला. जप बोटांच्या पेरांवर, इस्त्री उजव्या हातात. तिसऱ्या सदऱ्याला करपल्याचा वास आला तेव्हा मी भानावर आले. पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला होता. माळेचा हिशेब मात्र बरोबर होता, एकशे आठ पुरे झाले होते. करपलेल्या सुताचा जीव जातो, टाका घातला की तिथूनच फाटतं. म्हणून तेवढा भाग कापून टाकावा लागला.

तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "नामात रंगली होतीस, होतं असं." मला ते ऐकायला फार गोड वाटलं. पण मी नामात नव्हतेच. तोंडाने नाम चाललं होतं आणि मन शेताच्या वाटणीत होतं. कोण काय बोललं, मी काय बोलायला हवं होतं, हेच घोळत होतं. म्हणजे नामही गेलं आणि सदराही गेला. पुरा आकडा हातात राहिला, आणि त्या आकड्याने मला फसवलं की मी जप करते आहे.

आपल्या दत्तसंप्रदायात या गोष्टीला मोठा आधार आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो. त्यात पृथ्वी आहे, वारा आहे, समुद्र आहे, मधमाशी आहे, आणि बाण करणारा एक कारागीरही आहे. तो बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गढलेला की वाद्यं वाजवीत राजाची स्वारी जवळून गेली तरी त्याला पत्ता नाही. अवधूताने त्याच्याकडून एकाग्रता घेतली. पैठणच्या एकनाथ महाराजांनी याच एकादश स्कंधावर टीका लिहिली आणि 1573 साली काशीला ती पुरी केली. नाथांच्या स्वतःच्या चरित्रातही तीच गोष्ट वेगळ्या रूपाने सांगतात. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या घरी असताना हिशेबात एक पै लागेना, म्हणून ते रात्रभर वह्या चाळत बसले. आणि ती सापडल्यावर टाळी वाजवली. स्वामींनी म्हटलं, एका पैसाठी एवढं मन लावतोस, तेच देवाकडे लाव.

मला यात आवडतं ते हे की अवधूताने गुरू म्हणून ऋषी शोधला नाही, कारागीर घेतला. आपल्या भागातही हे नवं नाही. अमळनेरला प्रताप शेठजींनी कापडाची गिरणी चालवली आणि त्याच गावात 1916 साली तत्त्वज्ञान मंदिरही काढलं. फाटक्या कापडालासुद्धा आपल्याकडे कमी मान नाही. गाडगेबाबांच्या अंगावर ठिगळांचे कपडे, म्हणून लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. भगवान बुद्धांनी मगधातली बांध घातलेली भातशेतं दाखवून आनंदाला तशाच तुकड्यांचं चीवर करायला सांगितलं, अशी कथा आहे.

पण इथे माझं मन अडतं. बाण करणाऱ्याजवळून राजा गेला म्हणून गोष्ट छान झाली. राजाचं काय अडणार होतं? त्या जागी तहानलेला कोणी असता तर?

हे मी पुस्तकातून विचारत नाही. माझ्या सासूबाईंना घरात सगळे मोठी माय म्हणत. वय झालं होतं, पण काठी टेकत घरभर फिरायच्या. एका दुपारी मी मधल्या खोलीत गोधडी शिवत होते. पहिल्या नातवंडासाठी होती. त्या दिवशी हात असा काही लागला होता की टाका टाक्यासारखा पडत होता, तांदळाच्या दाण्याएवढा. पडवीतून मोठ्या मायने आवाज दिला, "पानी देस का वं माय?" मी ऐकलं. "आले, ही ओळ संपू दे," म्हटलं. ओळ संपली. पुढची ओळ समोरच होती, तीही घेतली. तेवढ्यात धप्पकन आवाज आला. त्या स्वतःच माठाकडे उठल्या होत्या आणि उंबऱ्याशी पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. त्या पुन्हा उठल्या नाहीत, अडीच महिन्यांनी गेल्या.

मला कोणी बोल लावला नाही. यांनीही नाही. उलट सगळ्यांनी समजूत घातली की त्यांची वेळ आली होती, दत्तमहाराजांची इच्छा. दत्तावर माझी श्रद्धा आहे, म्हणूनच हे मला घेता आलं नाही. माझी ओळ मी महाराजांच्या नावावर कशी खपवू? पाणी द्यायला दहा पावलं होती.

मग पुष्कळ दिवस मला वाटायचं की एकाग्रता हीच माझी चूक. गोरोबाकाकांचं तेच झालं ना? भजनात रंगून चिखल तुडवताना लेकरू पायाखाली आलं. त्यांच्या कथेत विठ्ठलाने लेकरू परत दिलं. आमच्या उंबऱ्याशी तसं काही झालं नाही. वर्षभर मी सुई हातात घेतली नाही, ती अर्धी गोधडी ट्रंकेत पडून राहिली.

आता मला थोडं वेगळं दिसतं. बाण करणाऱ्याला वाद्यं ऐकूच आली नाहीत. मला हाक आली होती. ऐकू न येणं ही तल्लीनता असेल. ऐकून न उठणं ही तल्लीनता नव्हे. त्या वेळी माझं मन टाक्यात नव्हतं, टाक्याच्या कौतुकात होतं. बाळंतविड्याच्या वेळी बायका बोट फिरवून म्हणतील, "काय बारीक टाका आहे!" हे मी आधीच ऐकत होते. म्हणून दुसरी ओळ घेतली. आईने तिथे असतं तर तेच विचारलं असतं, हात आठे, मन कोठे? करपलेला सदरा आणि तो तांदळासारखा टाका यांत फार अंतर नाही. एकात मन भांडणात होतं, दुसऱ्यात वाहवेत. हात मात्र दोन्ही वेळा कामसू दिसत होता. तसा नदीकाठचा बगळाही एका पायावर किती एकाग्र दिसतो.

तरी हे पुरतं उत्तर नाही, हे मलाही कळतं. समजा मला खरंच ऐकू आलं नसतं, तरी मोठी माय पडल्याच असत्या. म्हणून मी पोथीतल्या त्याच यादीत परत गेले. बाण करणाऱ्याच्या अगदी आधी, विसावा गुरू म्हणून, एक कुमारी आहे. घरात आई-बाप नाहीत आणि मागणी घालायला पाहुणे आलेले. त्यांच्या जेवणासाठी ती आत भात कांडायला बसते. हातातल्या बांगड्या वाजतात, आणि घरची गरिबी पाहुण्यांना कळेल म्हणून तिला लाज वाटते. एकेक बांगडी उतरवत हातात एकच ठेवते, तेव्हा आवाज थांबतो. चार जण एकत्र आले की कलह, म्हणून साधकाने एकटं असावं, असा त्याचा अर्थ सांगतात. तो खराच. पण मला, चूल सांभाळलेल्या बाईला, त्यात आणखी एक दिसतं. तिचा हात मुसळावर आहे आणि कान बाहेरच्या माणसांकडे. कांडणंही त्यांच्यासाठीच आहे. अवधूताने हिला आणि बाणकाराला शेजारी शेजारी बसवलं. माझ्यापुरतं मी असं धरते की एकट्याला गुरू केलं असतं तर घर चाललं नसतं.

आणि ज्या नाथांनी एका पैसाठी रात्र जागवली, तेच नाथ रामेश्वराला निघालेली गंगेची कावड वाटेतल्या तहानलेल्या गाढवाच्या तोंडात ओततात. कावडीचा नेम केवढा! तिथे त्यांनी "एवढा मुक्काम गाठू दे" म्हटलं नाही. पैच्या रात्री कमावलेलं मन वाळवंटात कामी आलं, असं मला वाटतं. ज्याला एका पैकडे नीट बघता येतं, त्यालाच तडफडणारं गाढवही दिसत असेल. माझा हा अंदाज आहे, शास्त्रीबुवांनी चुकत असेल तर सांगावं.

नामाचं म्हणाल तर मी आता सुई ओवताना एकदा आणि गाठ मारताना एकदा नाम घेते. मधे घेत नाही. मधे टाकाच बघते. इस्त्रीच्या वेळी तर तोंड बंद, वडिलांचा नियम. माळ पहाटे वेगळी करते, तेव्हा हातात दुसरं काही नसतं. हे कोणाला कमी वाटेल, पण माझा हिशेब खोटा होत नाही. आणि बसायची जागा बदलली. मधली खोली सोडून पडवीत बसते, दाराकडे तोंड करून, पाण्याचा तांब्या जवळ. कोणी हाक मारली की टाका असेल तिथे सुई टोचून उठायचं. पुष्कळदा परत येईपर्यंत दोरा सैल होतो, मग गाठ मारून नवा धरावा लागतो. त्यामुळे माझ्या गोधड्यांत आता ओळीच्या मधेच गाठी असतात. मागच्या वेळी एका बाईने बोट फिरवून विचारलं, "काकू, नजर कमी झाली का हो?" मी हसले.

ती ट्रंकेतली गोधडी पुढे पुरी केली. नातू आता कॉलेजात आहे, ती त्याच्याकडेच आहे. तिच्यातल्या त्या दोन ओळी मला अजून डोळे मिटून सापडतात. बोट तिथे आलं की थांबतं.

यंदा सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेला पायी जाणारी माणसं आमच्याकडे एक रात्र टेकतील. मार्गशीर्षातली थंडी, आणि तापीकाठचा वारा तर विचारू नका. त्यांच्यासाठी तीन गोधड्या करायच्या ठरवल्या आहेत. दोन झाल्या. तिसरीचे आतले थर कालच इस्त्री करून अंथरले, कोपऱ्यांवर दगड ठेवलेत. कच्चे टाके आज घालायचे होते, पण सकाळपासून चार वेळा उठावं लागलं.