सांगून मोकळे होणे

सावध करणे हे एकाचे कर्तव्य आणि सावध होणे हे दुसऱ्याचे, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. एकदा सांगून ठेवले, की सांगणारा मोकळा झाला. पुढे काही विपरीत घडलेच, तर 'मी सांगितले होते' हे वाक्य हाताशी असतेच. ही वाटणी कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न मला एका विमान-अपघाताचा वृत्तान्त वाचताना पडला.

१४ ऑगस्ट २००५ रोजी सायप्रसमधील हेलिओस कंपनीचे बोइंग ७३७ विमान लार्नाकाहून अथेन्सकडे निघाले. उड्डाणापूर्वीच्या दुरुस्ती-तपासणीत, विमानातील हवेचा दाब राखणाऱ्या यंत्रणेची कळ 'हाताने चालवण्याच्या' स्थितीत ठेवली गेली होती. ती तशीच राहिली. विमान सुमारे १२,००० फुटांवर चढले तेव्हा वैमानिकांच्या कक्षात भोंगा वाजला. आतील हवा विरळ होत आहे, असा त्याचा अर्थ होता. परंतु त्या विमानात नेमका तोच भोंगा आणखी एका कामासाठी योजलेला होता. उड्डाणास योग्य अशी मांडणी झालेली नसेल, तर तो जमिनीवर वाजत असे. वैमानिकांनी हा दुसरा अर्थ घेतला. आकाशात तो संभवतच नव्हता. पण विरळ हवेत बुद्धी मंदावते, आणि आपली बुद्धी मंदावली आहे, हे कळण्याइतकीही ती शिल्लक राहत नाही. वैमानिक बेशुद्ध झाले. विमान यंत्राच्या आधाराने अथेन्सच्या परिसरापर्यंत गेले, तेथे घिरट्या घालीत राहिले आणि इंधन संपल्यावर ग्रामातिको गावाजवळच्या डोंगरावर कोसळले. १२१ माणसे प्राणास मुकली.

वैमानिकांचा दोष नाकारता येत नाही. ती कळ पाहून घेणे त्यांचे काम होते. परंतु भोंगा वाजला होता, एवढ्यावरून तो योजणारा दोषमुक्त होतो काय? ज्या क्षणी ऐकणाऱ्याची बुद्धी क्षीण होत असणार, त्याच क्षणासाठी दोन अर्थांचा एक ध्वनी राखून ठेवणे आणि त्यांतला योग्य अर्थ निवडण्याचे काम त्याच्यावर सोपवणे, याला सावध करणे म्हणता येईल काय? पुढे या जातीच्या विमानांत दोन्ही इशाऱ्यांसाठी वेगवेगळे, नाव लिहिलेले दिवे बसवण्याची सक्ती झाली. इशारा समजेल असा देणे हा इशाऱ्याचाच भाग आहे, याची ती उशिरा दिलेली कबुली होय.

नव्या विमानांची रचना याहून पुढे गेली आहे. तांबडा दिवा म्हणजे तत्काळ कृती करा. पिवळा म्हणजे लक्ष असू द्या. सारे ठीक असेल तर दिवे विझलेले. इतकेच नव्हे, तर उड्डाणासाठी विमान वेगाने धावत असता, किरकोळ बिघाडांचे इशारे यंत्र मुद्दाम रोखून धरते, कारण त्या काही क्षणांत ते कळणे न कळण्यापेक्षा अधिक घातक ठरू शकते. येथे न सांगणे हेच कर्तव्य होते. मात्र हे मौन स्वस्त नाही. जो इशारा रोखतो, तो त्याच्या परिणामाचा भार स्वतःच्या माथी घेतो. जो सारेच इशारे वाजवतो, तो तो भार ऐकणाऱ्याच्या माथी ठेवून निश्चिंत होतो.

या निश्चिंतपणाची चव मी घेतली आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी जवळजवळ प्रत्येक फाइलीस 'तातडीचे' अशी चिठ्ठी लावीत असे. विलंबाचा ठपका आपल्यावर येऊ नये, एवढाच हेतू. त्या चिठ्ठ्यांच्या गर्दीत एका दिवंगत शिपायाच्या पत्नीची कुटुंब-निवृत्तिवेतनाची फाइल चार महिने पडून राहिली. तिलाही तीच चिठ्ठी होती. विचारणा झाली तेव्हा मी चिठ्ठी दाखवली आणि निर्दोष ठरलो. त्या बाई तोवर तीन वेळा येऊन बाकावर बसून परत गेल्या होत्या. आता फाइली पडद्यावर आल्या. चिठ्ठीची जागा शेऱ्याने घेतली, पण सवय गेलेली नाही.

मग ऐकणाऱ्यावर काहीच जबाबदारी नाही काय? १६ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट येथे एका विमानाने पंखांच्या झडपा न उघडता उड्डाण केले. आवश्यक ती तपासणी-यादी वैमानिकांनी वाचली नव्हती, आणि चूक सांगणाऱ्या यंत्रणेला वीजच पोहोचत नव्हती. १५६ माणसे गेली. इशारा आला नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे मानण्याचा अधिकार ज्याने स्वतः पाहून घेतले आहे त्यालाच असतो.

तेव्हा ही दोन कर्तव्ये अर्धी-अर्धी वाटता येत नाहीत, असे मला वाटते. सांगणाऱ्याने ऐकणारा थकलेला, गोंधळलेला असेल असे धरून सांगावे. ऐकणाऱ्याने सांगणारा कदाचित मुका होईल असे धरून पाहावे. एकाचे कर्तव्य चुकले म्हणून दुसऱ्याचे कमी होत नाही.

अलीकडे 'तातडीचे' असा शेरा मारण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, की हा शेरा वाचणाऱ्यासाठी आहे की माझ्यासाठी? पुष्कळदा प्रामाणिक उत्तर मिळते, आणि मग मी तो मारीत नाही. त्या दिवशी घरी जाताना मात्र थोडी धाकधूक वाटते. ती वाटावी, हेच बहुधा योग्य आहे.