दहाव्या दिवसाचा ताप

पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. कारण विजेच्या नियोजनाचं. पण गुरुवार हा गुरूचाही वार, त्यामुळे बाबा-महाराजांच्या दरबाराला गर्दी त्याच दिवशी. सहा दिवस मशीन बंद पडलं की ‘रूट कॉज काय?’ असं विचारणारा माणूस सातव्या दिवशी बायकोच्या केमोथेरपीची फाइल पिशवीत घालून रांगेत उभा राहतो. त्याचा प्रश्न एकच. “सलाईन सुरू झाल्यापासून ती जास्तच खंगली. कुणी काही केलंय का?”

केलंय, औषधानं केलंय. केमोची बहुतेक जुनी औषधं भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाला घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळं, तोंडापासून आतड्यापर्यंतचं अस्तर आणि हाडांतला रक्त तयार करणारा मगज यांच्याही पेशी तशाच. म्हणून केस गळतात, तोंड येतं, जुलाब होतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. हे सगळं तारखेवारी घडतं. मळमळ पहिल्या काही दिवसांत, केस दोन-तीन आठवड्यांनी, पांढऱ्या पेशी बहुधा सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळाला. ज्या त्रासाचा दिवस डॉक्टर आधी सांगू शकतो, त्याला करणी कसं म्हणायचं?

मोशीतल्या भाड्याच्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आणा. सलाईन लागून दहावा दिवस. बाईचं अंग तापलंय. सासूबाई वाटीत अंगारा कालवून देतात, वर देवळातून आणलेलं तीर्थ-पंचामृत. माया खरी आहे, तिची थट्टा मी करणार नाही. पण ज्या शरीरात जंतूंशी लढणारे शिपाईच उरलेले नाहीत, त्यात न उकळलेलं पाणी, कच्चं दूध आणि राख घालणं म्हणजे दार उघडून चोराला आत घेणं. घरात थर्मामीटर नाही. पॅरासिटामॉलची गोळी देऊन ‘सकाळी बघू’ असं ठरतं. काही वेळा ती सकाळ उजाडत नाही. आणि लोक म्हणतात, केमोनं बाई गेली.

हे त्या पिंपरीत घडतं, जिथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. पेनिसिलिन तयार करणाऱ्या या गावाची ओळख मोटारींच्या आधी जंतुनाशकांशी जोडलेली आहे. तोंडातल्या बुरशीवर वापरलं गेलेलं हॅमायसिन याच कारखान्यातल्या संशोधनातून आलं. ज्यांच्या वडिलांनी ‘एच.ए.’त नोकरी केली, त्यांनी तरी अंगाऱ्याच्या पुडीपुढे हात पसरू नये.

केसांचं दुःख वेगळं आहे आणि ते मी हलकं लेखत नाही. आपल्याकडे बाईच्या उघड्या डोक्याला केशवपनाची आठवण चिकटलेली आहे. नवरा जिवंत असताना ‘असं’ डोकं नको, म्हणून केमोला नकार देणाऱ्या घरांत बोलणारी सासू नसते, ती आठवण बोलते. एकोणिसाव्या शतकात नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या नाभिकांना एकत्र आणून, विधवांच्या डोक्यावर वस्तरा फिरवणार नाही असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे तेच. त्या लढ्याचे वारस म्हणवणाऱ्यांनी औषधानं गळालेल्या केसांना अपशकुन म्हणावं? केमो संपल्यावर काही महिन्यांत बहुतेकींचे केस परत येतात. उपचार सोडून घालवलेलं वर्ष येत नाही.

रेडिएशनबद्दल तर शिकलेल्या घरांतही अडाणीपणा चालतो. बाहेरून किरण घेऊन आलेल्या आजोबांजवळ नातवाला जाऊ देत नाहीत, ताट वेगळं काढतात. खोलीतला दिवा बंद केला की प्रकाश भिंतींत साठून राहतो का? मशीन बंद झालं, किरण संपले. (थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटात दिलं तर काही दिवस अंतर पाळावं लागतं, ते रुग्णालयच सांगतं.) तोंडाच्या कॅन्सरला आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे किरण द्यावे लागतात. मध्ये अमावास्या आली म्हणून खाडा केला, तर उरलेल्या पेशींना वाढायला सवड मिळते. भाजल्यासारख्या त्वचेवर हळद, तेल, भस्म लावायचं नाही. किरण सुरू होण्याआधी दात तपासून घ्यायचे. आणि हे सगळं चालू असताना गालात मावा ठेवून ‘औषधं फार उष्ण पडतात हो’ म्हणणाऱ्याला काय म्हणावं? राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून गेटासमोरच्या टपरीवर काय मिळतं, ते पोलिसांपासून सुपरवायझरपर्यंत सर्वांना ठाऊक आहे.

कुणी म्हणेल, श्रद्धेनं मनाला बळ येतं. येत असेल, प्रार्थनेला माझी हरकत नाही. पण जी श्रद्धा उपचाराची तारीख चुकवते, रुग्णाच्या पोटात काहीबाही घालते किंवा घरातलं मंगळसूत्र मोडायला लावते, तिचा हिशेब मागायलाच हवा. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तो मांडला. शरीरभर पसरण्याआधी सापडलेल्या कॅन्सरवर केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट, स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच पटींहून जास्त. कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे, तरी रिक्षांच्या पाठींवर त्या झळकतात.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे: बाबा अर्धा तास ऐकून घेतो, डॉक्टर दोन मिनिटं. ओपीडीची गर्दी खरी, पण कुठल्या दिवशी काय होईल आणि रात्री कुठे फोन करायचा, एवढं मराठीत लिहिलेला कागद द्यायला गर्दी आड येत नाही. आजार फार पुढे गेल्यावर सगळं समजून उमजून ‘आता केमो पुरे, वेदना तेवढ्या कमी करा’ म्हणणारा रुग्ण पळपुटा नव्हे. तो त्याचा अधिकार आहे.

कारखानदारांनीही साळसूद राहू नये. खंडेनवमीला लेथला हार घालतात, पण स्पिंडल तुटला की मेंटेनन्सवाल्यालाच बोलावतात. माणूस मोडला की मात्र ठेकेदार सांगतो, उद्यापासून येऊ नकोस. कामगार राज्य विमा योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत कॅन्सर आहे. पात्र कामगाराला दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ८० टक्के भत्ता मिळू शकतो. त्यासाठी सलग नोकरी लागते, आणि ठेक्यावरच्या पोराला ‘ब्रेक’ नेमका तिथेच दिला जातो.

घरात केमो घेणारं माणूस असेल तर येत्या गुरुवारी आधी मेडिकलमधून थर्मामीटर आणा. पारा १००.४ फॅरनहाइटला टेकला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री रुग्णालयात जा आणि दारातच सांगा, केमो चालू आहे.