दिवंगतांचे देणे

माणूस गेल्यावर आपण त्याच्यासाठी काय करतो? शोकसभा भरवतो, तसबिरीला हार घालतो, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो, ऐपत असेल तर त्याच्या नावाने शाळेत एखादे पारितोषिक ठेवतो. यात वाईट असे काही नाही. तथापि हे सारे नेमके कोणासाठी चालते, हा प्रश्न शेकडो अंत्यविधी पार पाडूनही मला कधी फारसा पडला नव्हता. तो पडला २०१९ साली, आणि तोही एका बँकेच्या कर्मचाऱ्यांमुळे.

त्या वर्षी जून महिन्यातील एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर चार माणसे मला भेटायला आली. चौघेही मुंबईतील एका बँकेच्या शाखेत काम करणारे. त्यांतील एकच ख्रिस्ती. आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी त्यांच्या शाखेत एकवीस वर्षे नोकरीला होत्या. पहाटे उठून घरचे आवरायचे, वसईहून लोकल पकडायची आणि वेळेआधी काउंटरवर हजर व्हायचे, हा त्यांचा नेम. आदल्या वर्षी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने त्या गेल्या. महिन्याचा दुसरा शनिवार बँकांना सुटी असते. तो दिवस ताईंच्या स्मरणार्थ या रोगाविषयी स्त्रियांत जागृती करण्यासाठी द्यावा, असे शाखेतील अकरा जणांनी ठरवले होते. पहिले शिबिर ताईंच्याच गावी, आमच्या सभागृहात घ्यावे आणि फलकावर त्यांचे नाव व छायाचित्र असावे, अशी त्यांची इच्छा होती.

मी तत्काळ होकार दिला. संध्याकाळी त्या भगिनीच्या पतींना सांगायला गेलो, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "फादर, तिने हे दुखणे शेजारणीलासुद्धा कळू दिले नाही. आता त्याच दुखण्याच्या फलकावर तिचा फोटो लावणार? तिला विचारलेत का?"

त्यांच्या या शेवटच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना कांटचा सिद्धान्त आम्ही पाठ केला होता: कोणत्याही माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. परंतु जो माणूस या जगात उरलाच नाही, त्याच्या बाबतीत हा नियम कसा लावायचा? त्याची संमती घेता येत नाही आणि त्याला विरोधही करता येत नाही. जिवंत माणूस निदान फलकावरून आपले नाव काढा असे म्हणू शकतो. मृताला तेवढेही स्वातंत्र्य नसते. हेतू कितीही चांगला असला, तरी एका स्त्रीने मरेपर्यंत जपलेली खाजगी गोष्ट तिच्या पश्चात चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

पुढच्या रविवारी मी हे त्या चौघांना सांगितले. त्यांच्यातील वयाने मोठे असलेले शाखाव्यवस्थापक म्हणाले, "फादर, ताई बोलल्या नाहीत हे खरे. पण आम्ही तरी कुठे विचारले?" मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर आली. शेजारच्या काउंटरवरील मुलीने पाहिले होते की, ताई डाव्या खांद्यावरची पर्स आता उजव्या खांद्यावर अडकवतात. दुसऱ्या एकाने ऐकले होते की, त्यांनी रुग्णालयासाठी मागितलेली अर्ध्या दिवसाची रजा मार्चअखेरच्या कामासाठी स्वतःहून परत केली. व्यवस्थापकांनी त्याबद्दल त्यांचे कौतुकच केले होते! प्रत्येकाजवळ एकेक तुकडा होता. ते तुकडे जुळवले मात्र कोणीच नाहीत.

मी ऐकत होतो आणि आतून शरमत होतो. कारण एक तुकडा माझ्याजवळही होता. २०१७ च्या पावसाळ्यात त्या भगिनी विशेष हेतूसाठी मिस्सा सांगायला आल्या होत्या. जाता जाता खाली पाहत म्हणाल्या, "फादर, अंगावर एक गाठ आली आहे. दुखत नाही. प्रार्थना करा." मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. डॉक्टरांना दाखवले का, हे विचारले नाही. गाठ कुठे आहे याचा अंदाज मला आला होता. किंबहुना आला होता म्हणूनच मी विचारले नाही. तो अवयव उच्चारण्याचा संकोच मला वाटला. त्यानंतर सात महिने त्या डॉक्टरांकडे गेल्या नाहीत. (हे बोलणे पापनिवेदनातील नव्हते, आणि त्यांच्या पतींना सांगून, त्यांच्या अनुमतीने मी हे येथे लिहीत आहे.)

मी विचारले असते तर त्या वाचल्या असत्या, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. रोग लवकर सापडूनही काही जण जातात आणि उशिरा सापडूनही काही जण जगतात. परंतु विचारणे माझ्या हाती होते, आणि ते मी केले नाही. यावरून मला एक गोष्ट उमगली. ज्याला आपण त्या भगिनीचे मौन म्हणत होतो, ते त्यांचे एकटीचे नव्हते. ते आम्ही सर्वांनी मिळून पाळलेले मौन होते. खाजगीपणाचा आदर करायलाच हवा. पण आपल्या संकोचाला आपण कितीदा आदर हे नाव देतो, हेही तपासायला हवे.

मग स्मारक कसे करावे? याची दोन उदाहरणे माझ्या मनात समोरासमोर उभी राहतात. अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या एका बाईंच्या आजीला, बहिणीला आणि मुलीला स्तनाचा कर्करोग झाला होता. नव्वदच्या दशकाच्या आरंभी त्या घरी बसून फिकट पीच रंगाच्या फिती हाताने तयार करीत आणि सोबत एक कार्ड जोडीत. कर्करोगावर खर्च होणाऱ्या सरकारी पैशातील अधिक वाटा प्रतिबंधासाठी द्यावा, ही त्यांची मागणी होती. एका नियतकालिकाने आणि प्रसाधनांच्या एका कंपनीने ती कल्पना वापरू द्या म्हटले, तेव्हा व्यापार नको म्हणून त्यांनी नकार दिला. अखेर रंग बदलण्यात आला आणि १९९२ साली गुलाबी फीत जन्माला आली. त्या फितीमुळे हा रोग उघडपणे बोलला जाऊ लागला, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कार्डावरची मागणी मागे पडली आणि फीत तेवढी दुकानादुकानांतून पोहोचली, हेही तितकेच खरे.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पत्नीच्या स्मरणार्थ सर दोराबजींनी १९३२ साली त्याच रोगाच्या संशोधनासाठी न्यास स्थापन केला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे टाटा न्यासाच्या प्रयत्नाने १९४१ साली परळला कर्करोगाचे रुग्णालय उभे राहिले. आज तेथे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रुग्णांपैकी किती जणांना मेहेरबाईंचा चेहरा ठाऊक असेल? पण दार उघडे आहे. त्याच संस्थेने १९९८ पासून वीस वर्षे मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला आणि २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केवळ हाताने तपासणी केल्यास रोग आधीच्या अवस्थेत सापडतो. पन्नाशीच्या पुढील स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले, तरुण स्त्रियांत मात्र तसा फरक दिसला नाही. भारतात २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचा आणि ९८ हजारांवर दगावल्याचा जागतिक संस्थेचा अंदाज आहे. अशा देशात, यंत्रावाचून होणारी ही तपासणी ही लहान गोष्ट नव्हे.

संत ऑगस्टिनने पाचव्या शतकात नोलाच्या पॉलिनसला लिहिलेल्या एका ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की, अंत्ययात्रेचा थाट आणि थडग्याची शोभा ही जिवंतांच्या सांत्वनासाठी असते, मृतांच्या उपयोगाची नसते. किर्केगार्डने १८४७ साली याच विषयाकडे दुसऱ्या बाजूने पाहिले. मृत माणूस परतफेड करू शकत नाही. म्हणून त्याची आठवण ठेवणे हे प्रेमाचे सर्वांत निःस्वार्थ रूप होय, असे तो म्हणतो. या दोघांच्या विचारात मला एक भर घालावीशी वाटते. मृत माणूस जशी परतफेड करू शकत नाही, तशी तो वसुलीही करू शकत नाही. आपण त्याचे जे देणे लागतो ते त्याच्या हाती पोहोचवण्याचा मार्ग बंद झालेला असतो. व्यवहारात धनको मरण पावला की कर्ज बुडत नाही, ते त्याच्या वारसांना द्यावे लागते. नीतीच्या राज्यातही तसेच असावे. त्या भगिनीचे आम्ही देणे लागत होतो ते स्तुतीचे नव्हते. एका साध्या प्रश्नाचे होते. आणि त्या देण्याच्या वारस आहेत त्या सर्व स्त्रिया, ज्या आज अंगावरची गाठ लपवून कामावर जात आहेत.

हे एकदा मनाला पटल्यावर फलकाचा वाद उरला नाही. फलकावर नाव नको, छायाचित्र नको, असे त्या अकरा जणांनीच ठरवले. नाव फक्त त्यांच्या वर्षदिनाच्या मिस्सामध्ये घ्यायचे. टाळेबंदीचा काळ सोडला तर दुसऱ्या शनिवारचा तो नेम आजही चालू आहे. तपासणी प्रशिक्षित परिचारिका करतात. ती बँकेच्या माणसांनी करायची नसते. ही माणसे नावे लिहितात, खुर्च्या मांडतात, आईची तपासणी होईपर्यंत तिचे मूल सांभाळतात, पुढच्या तपासण्यांसाठी सांगितलेल्या बाईबरोबर मोठ्या रुग्णालयात जाऊन रांगेत उभी राहतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे सांगून धीर देतात. "दुखत नाही, मग कशाला दाखवायचे?" असे म्हणणाऱ्या बाईला, न दुखणारी गाठच आधी दाखवावी, हे न लाजता समजावतात. आणि जी बाई दुसऱ्या भेटीला येत नाही तिच्या घरी जातात. थकलेल्या हप्त्यांचा पाठपुरावा करण्याची सवय येथे कामी आली, असे व्यवस्थापक एकदा हसून म्हणाले. पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

त्या भगिनीचे पती या शिबिरांना येत नाहीत. त्यांना तो अधिकार आहे, आणि मी कधी आग्रह केला नाही. मात्र २०२२ साली एका शनिवारी ते आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन आले. ती आत असताना बाहेर वडाच्या पारावर बसून राहिले, आणि ती बाहेर आल्यावर तिला घेऊन निघून गेले.

एवढ्याने माझे देणे फिटले काय? तसे मला वाटत नाही, आणि फिटावे अशी इच्छाही नाही. फिटलेले कर्ज माणूस विसरतो. आजही कोणी बहीण खाली पाहत म्हणते, "फादर, जरा बरे नाही, प्रार्थना करा," तेव्हा मी प्रार्थना करतोच. पण त्याआधी विचारतो, "काय होते आहे? डॉक्टरांना दाखवलेत का?" पहिल्या काही वेळा माझी जीभ अडखळली. आता अडखळत नाही.