निघणे आणि काढणे

प्रवासाला निघायचं तर इंग्रजीला एक क्रियापद पुरत नाही. 'सेट' या साध्या शब्दाला 'ऑफ' जोडला की माणूस निघतो. 'आउट' जोडला की काही हेतू मनात धरून निघतो. 'हेड ऑफ' म्हटलं की तोंड कुठल्या दिशेला आहे ते कळतं. 'टेक ऑफ' विमानाचं, आणि घाईघाईने सटकणाऱ्याचंही. 'सी ऑफ' म्हणजे स्टेशनवर निरोप द्यायला जाणं; पण कुत्र्याने चोराला 'सी ऑफ' केलं, तर त्याने त्याला पिटाळून लावलं. हा दुहेरीपणा आपल्याला परका नाही. लेकीची बोळवण होते, आणि मागणी घेऊन दारात आलेल्या माणसाचीही नुसत्या आश्वासनांवर बोळवणच होते.

मी हे सगळं अंबत्तूरला संध्याकाळी शिकवतो. चेन्नईच्या पश्चिमेचं हे उपनगर. साठच्या दशकात इथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, २०११ पासून गाव महापालिकेत आहे. पुण्या-सोलापूरकडून येणाऱ्या गाड्या इथे न थांबताच पुढे सेंट्रलला जातात. माझ्या वर्गात येणारी मुलं लेथवर, पॅकिंगला, गोदामात काम करतात. निम्मी तमिळ, बाकीची ओडिशा, बिहार, आसामची. इंग्रजी त्यांना सुपरवायझरशी बोलायला हवं असतं, आणि जमलं तर सुपरवायझर व्हायला.

घर सोडलं त्या दिवसावर पाच वाक्यं लिहा, 'सेट ऑफ' वापरा, असं मी एकदा सांगितलं. बलांगीरच्या एका मुलाचं पहिलंच वाक्य होतं: 'माय फादर सेट मी ऑफ.' हे चालत नाही. 'सेट ऑफ'पुढे कर्म आलं की फटाका उडतो किंवा भोंगा वाजतो, आणि कर्म माणूस असेल तर त्याला रडू नाहीतर हसू फुटतं. तुला 'सेंड ऑफ' म्हणायचंय का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नाही सर, सेंड ऑफला समोसा असतो."

मग त्याने हिंदीत सांगितलं. बापाने वीटभट्टीच्या सरदाराकडून दादन घेतलं होतं. दादन म्हणजे आगाऊ रक्कम. ती घरी खर्च होते आणि फेडायला माणसं भट्टीवर जातात. इथून जवळच्या तिरुवल्लूर जिल्ह्यातल्या भट्ट्यांवर पश्चिम ओडिशातली कुटुंबं अशीच येतात. हा सतरा वर्षांचा होता. दोन हंगाम त्याने विटा पाडल्या आणि मग तिथून अंबत्तूरच्या कारखान्यात आला.

शुद्ध वाक्य 'आय सेट ऑफ' हे आहे. प्रश्न एवढाच, की शुद्ध केलेलं वाक्य खरं राहतं का?

मराठीत निघणे आणि काढणे अशी जोडी आहे. सुटणे-सोडणे, तुटणे-तोडणे तशीच. काटा निघतो, कारण कोणीतरी तो काढलेला असतो. पण 'निघाला' म्हटलं की काढणारा वाक्यातून नाहीसा होतो, आणि सगळी हालचाल काट्याच्या नावावर लागते. इंग्रजीचीही तीच गत. 'ले ऑफ' झालेला कामगार दुसऱ्या दिवशी गावाकडे 'सेट ऑफ' करतो. 'ऑफ' तोच, फक्त पहिल्या वाक्यात कंपनीचा हात दिसतो, दुसऱ्यात त्याचेच पाय.

माझं गाव बीड जिल्ह्यातलं, त्यामुळे दादन हा शब्द मला फार समजावून घ्यावा लागला नाही. आमच्याकडे त्याला उचल म्हणतात. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दसरा झाला की नवरा-बायकोचा एक कोयता करून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जायचं. दरवर्षी बातमी येते: मजूर निघाले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर भांडी, चुलीची लाकडं, शेळी, पोरं. बातमीत खोटं काहीच नसतं, आणि उचल कोणी दिली, ती फिटली का, हेही त्यात नसतं.

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली मेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यातली ही माणसं मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला भुसावळच्या दिशेने चालत होती. टाळेबंदीत काम थांबलं होतं. त्यांच्याबद्दल 'पायी निघाले' यापलीकडे वेगळं क्रियापद भाषेकडे नव्हतं. देहूहून निघणाऱ्या वारकऱ्यालाही आपण तेच वापरतो.

अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात असाच एक पेच मांडला आहे. वादळात सापडलेला नावाडी जीव वाचवायला माल समुद्रात फेकतो. हे त्याने स्वेच्छेने केलं का? एरवी कोणी शहाणा माणूस माल फेकणार नाही. पण त्या घटकेला हात त्याचेच हलतात, निर्णयही त्याचाच. अ‍ॅरिस्टॉटल अशा कृत्यांना मिश्र म्हणतो आणि स्वेच्छेच्या बाजूला झुकतं माप देतो. मला ते बरंचसं पटतं. तक्रार एकच: नावाड्यावरचं वादळ कोणी आगाऊ रक्कम देऊन आणलेलं नसतं.

तरी प्रत्येक 'निघाला'च्या जागी 'काढला' लिहिलं म्हणजे न्याय झाला, असंही नाही. त्यात माणूस पुन्हा काट्याएवढाच उरतो. बलांगीरच्या मुलाचं चौथं वाक्य भट्टी सोडून अंबत्तूरला येण्याबद्दल होतं, आणि तिथे त्याने न सांगता 'आय सेट आउट' लिहिलं होतं. मी मुद्दाम खोदून विचारलं. कोणी बोलावलं का, कोणी पैसे दिले का? त्याला राग आला. रात्री, एकटा, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून, असं त्याने बोटांवर मोजून दाखवलं. ते 'आउट' त्याने कमावलेलं होतं, आणि माझ्या सहानुभूतीपायी ते सोडायला तो तयार नव्हता.

आपल्याकडे प्रस्थान ठेवायची रीत होती. मुहूर्त आज, जाणं चार दिवसांनी. मग प्रवासातली एखादी वस्तू मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवायची. निघणं झालं, माणूस घरातच. माउलींच्या पालखीचंही तसंच: प्रस्थान झालं तरी पहिली रात्र आळंदीतच, आजोळघरी. संकल्प आधी निघतो, पाय मागून. या मुलाचे पाय दोन हंगाम आधी निघाले होते. त्याचं प्रस्थान भट्टीवर झालं.

वर्ग सुटला की मुलं दारातून एकेक करून जातात. जाताना तमिळ मुलं 'वरेन' म्हणतात, म्हणजे येतो. 'पोरेन', जातो, असं नुसतं म्हणणं त्यांच्याही घरी अशुभ. ओडिया मुलं 'आसुछि' म्हणतात, बंगाली बोलणारा एक जण 'आशि'. मी 'येतो' म्हणतो. फ्रेजल व्हर्बच्या धड्यात याला जोड नाही. ज्याला परत यायचं नाही त्याने 'येतो' म्हणावं का, हा प्रश्न नीतीच्या पुस्तकात शोभेल. पण 'येतो' हा अंदाज नसतो, मागे राहणाऱ्याचा आपल्यावर हक्क आहे एवढी ती कबुली असते. ती ऐकायला मात्र कोणीतरी समोर लागतं.

घर सोडताना 'आसुछि' म्हणाला होतास का, असं मी त्याला विचारलं. आईला म्हणालो, असं तो म्हणाला. बाप तेव्हा सरदाराबरोबर ओट्यावर बसून नोटा मोजत होता.