स्वतःच्या जबाबदारीवर



सीताबर्डीची टेकडी आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे. बाजारात जाता-येता आपली नजर तिच्याकडे वळतेच. २६ जानेवारीला वा १५ ऑगस्टला किल्ला खुला झाला की पुष्कळजण मुलाबाळांना घेऊन वरही जातात. ह्याच टेकडीच्या पायथ्याशी दोनशे वर्षांपूर्वी घडलेल्या एका प्रसंगाने एक प्रश्न उभा केला. तो आजही आपल्या घरात, कचेरीत आणि दवाखान्यात उभा राहतो: वरिष्ठांची आज्ञा मोडणे कधी योग्य ठरते का?

२६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज येथे भिडली. कंपनीकडे सुमारे १,४०० माणसे होती, समोर त्यांच्या कितीतरी पट. कर्नल हॉपटन स्कॉट सेनापती होते. रात्रभर गोळीबार चालला. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी जिंकली आणि तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. कंपनीचा पराभव समोर दिसू लागला.

खाली रेसिडेन्सीच्या आवारात कॅप्टन चार्ल्स फिट्झजेराल्ड बंगाल घोडदळाच्या तीन तुकड्या घेऊन उभे होते. हल्ला करण्याची परवानगी त्यांनी मागितली, ती नाकारली गेली. पुन्हा मागितली, तेव्हा कर्नलचे उत्तर आले, की करायचाच असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर करा. फिट्झजेराल्ड यांनी ती जबाबदारी घेतली आणि घोडे पुढे घातले. शत्रूचे घोडदळ उधळले, तोफा हाती आल्या, टेकडीवरच्या शिपायांना धीर आला. दुपारपर्यंत लढाईचा निकाल लागला. कंपनीचे ३६७ जण ठार वा जखमी झाले. त्यांत बहुतेक हिंदी शिपाईच होते.

फिट्झजेराल्ड यांच्या वाट्याला शिक्षा नव्हे, वाहवा आली. पण समजा, ते हरले असते तर? मग हेच कृत्य बेशिस्त ठरले असते. म्हणजे यश मिळाले की शौर्य आणि अपयश आले की गुन्हा, असे मानायचे का? त्या हल्ल्यात हिअरसी नावाचा एक तरुण लेफ्टनंट होता. चाळीस वर्षांनी, २९ मार्च १८५७ रोजी, हाच हिअरसी जनरल म्हणून बराकपूरच्या मैदानावर मंगल पांडे यांच्यासमोर उभा ठाकला. आज्ञा दोघांनीही मोडली. एकाचे कौतुक झाले, दुसरा फासावर गेला. न्यायनिवाडा सत्ताधारी करतात आणि आपल्या फायद्याचा करतात. म्हणून यशापयशाहून वेगळी अशी एखादी कसोटी हवी.

तेराव्या शतकातले तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी ती सुचवली आहे. त्यांचे उदाहरणही युद्धातलेच आहे. वेढा पडलेल्या नगराचे दरवाजे बंद ठेवावेत असा हुकूम आहे. पण नगराचेच रक्षक बाहेर अडकले आहेत आणि शत्रू त्यांच्या पाठीस लागला आहे. अशा वेळी दरवाजा उघडावा, असे ते म्हणतात; कारण हुकूम नगराच्या रक्षणासाठी होता, दरवाजासाठी नव्हे. मात्र ते लगेच एक अट घालतात. संकट तातडीचे नसेल, विचारायला वेळ असेल, तर अर्थ लावण्याचा हक्क ज्याचा त्याने घेऊ नये, अधिकाऱ्याकडे जावे.

फिट्झजेराल्ड ह्या कसोटीला उतरतात का? संकट क्षणाचे होते आणि हुकुमाचा हेतू फौज वाचवणे हाच होता. पण त्यांनी विचारले होते आणि नकार मिळाला होता. येथे मला कर्नलचे उत्तर अधिक खटकते. ती ना परवानगी होती, ना मनाई. यश आले तर आपलेच, अपयश आले तर तुमचे! अशी उत्तरे आपण सारेच देतो. आईवडील देतात, साहेब देतात, आम्ही धर्मगुरूही देतो. रात्रपाळीच्या परिचारिकेसमोर रुग्ण अत्यवस्थ होतो, ती फोन करते आणि पलीकडून ऐकू येते, "तुमचं तुम्ही बघा." अधिकार हातात ठेवून जबाबदारी दुसऱ्यावर ढकलणे हाही एक अन्यायच आहे.

आणखी एक गोष्ट विसरू नये. हल्ल्याचा निर्णय योग्य असला, तरी ज्या कारणासाठी लढाई होती ते न्याय्य ठरत नाही. कंपनी येथे राज्य गिळायला आली होती. समोर पडलेले अरब शिपाईही आपल्या धन्याची आज्ञाच पाळत होते. चांगला सैनिक असणे आणि चांगल्या बाजूने लढणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा आज्ञा मोडावीशी वाटेल त्या क्षणी स्वतःला तीन प्रश्न विचारू या. हुकुमाचा मूळ हेतू मी राखतो आहे, की माझी हौस भागवतो आहे? विचारायला खरोखर वेळ नाही का? आणि फळ वाईट निघाले, तर "हे मी केले" असे म्हणायला मी उभा राहीन का? तिसऱ्या प्रश्नाला मनापासून "होय" म्हणता येत नसेल, तर पाऊल मागे घेतलेले बरे.

आपला,
धर्मगुरू